सुगरणीची झालर

"काका, तुमचं एकही वाक्य ठेवलं नाही. रागावलात?" समाजमंदिरातला प्रोजेक्टर लावताना शाल्मलीनं विचारलं. कर्ज जपून घ्यावं म्हणून बचत गटासाठी तिनं कार्टून केलं होतं. संवाद मी लिहिले होते, सगळे उपदेशाचे. मी हसलो. नुसत्या चित्रांतून बायकांना काय कळणार, असं विचारायचा धीर झाला नाही.

पुढे द्वारकाबाई बसल्या होत्या. मुलीच्या साखरपुड्याला हॉल घ्यायचा, म्हणून आज त्या कर्ज मागणार होत्या. हप्ते पिठाच्या गिरणीच्या कमाईतून फेडायचे, आणि त्याच कमाईवर घर चालत होतं.

पडद्यावर एक सुगरण घरट्याला झालर लावत होती. काडी कमी पडली की ती तळातलीच उपसायची. बायका हसत होत्या. मग तळाला भोक पडलं, पिल्लं घसरू लागली, आणि द्वारकाबाई ताडकन उठल्या. "अगं भवाने, झालर कशाला हवीय? पिल्लं पडतील!"

शाल्मलीनं चित्र तिथंच थांबवलं आणि ती गप्प राहिली. मला ते जमलं नसतं. द्वारकाबाई हळूच खाली बसल्या. थोड्या वेळानं अध्यक्षबाईंना म्हणाल्या, "माझं कर्ज राहू दे गं. गिरणीच्या कमाईला हात लावायचा नाही."

"मग साखरपुडा?" शेजारणीनं डिवचलं.

"अंगणात. वाढायला तूच ये, तुझा हात आखडता आहे."

हशा पिकला. द्वारकाबाई शाल्मलीकडे वळल्या. "पोरी, लाव पुढचं. पिल्लं वाचली का ते बघू दे."