आधी लायब्ररी

लेकीने तिसऱ्यांदा मॉड्यूल इन्स्टॉल करायला घेतलं आणि तिसऱ्यांदा पडद्यावर एररच्या लाल ओळी धडाधड उतरल्या. शेजारी बसलेल्या बाबांनी पाटी तिच्या नाकासमोर धरली: 'आधी आवाजाची लायब्ररी वेगळी टाक. मॉड्यूल तिच्या जिवावर चालतं.'

"बाबा, मला कळतं. ते आपलं आपण आणतं सगळं."

बाबांनी त्याच ओळीखाली इतक्या जोरात रेघ ओढली की खडू मोडला. जन्मभर प्रोग्रामिंग शिकवलेला माणूस. घशाच्या ऑपरेशनला दोन महिने झाले तरी मास्तरकी सुटली नव्हती. ऑपरेशनआधी रेकॉर्ड करून ठेवलेली चार तासांची बडबड या कॉम्प्युटरवर होती. त्यांचा आवाज आता तेवढाच उरला होता; टाईप केलेलं त्याच आवाजात बोलून दाखवणारं हे मॉड्यूल होतं.

चौथ्यांदाही लाल ओळी आल्या, तेव्हा तिने मुकाट्याने आधी लायब्ररी टाकली. मॉड्यूल एका दमात बसलं. बाबांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि दोन बोटांनी टाईप केलं.

"केव्हाचं सांगतोय तुला." त्यांचा जुना, करडा आवाज घरभर घुमला.

"अहो, पोरीवर कशाला डाफरताय?" स्वयंपाकघरात नळाखाली भांडी विसळता विसळता आई नेहमीसारखी म्हणाली.

मग आतला नळ बंद झाला.