भाग न जाणारा नंबर

मला रोहिणखेडला सोडायला आलेल्या ऑटोचा नंबर बाबांनी ओट्यावरूनच वाचला.

"त्रेचाळीसशे सात. एकोणसाठ गुणिले त्र्याहत्तर." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "या बाई, बसा. कोणाकडे आल्या?"

पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माझ्या बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत. आकडे तेवढे शाबूत आहेत.

मला एकच उपाय सुचला. मी पहिला मोबाइल घेतला, तेव्हा उन्हाळ्याची अख्खी सुट्टी भागाकार करून बाबांनी माझा नंबर तपासला होता. पाच वह्या संपल्या, तेव्हा म्हणाले, "राखी, तुह्या नंबराले कशानंच भाग जात नाही. मूळ संख्या हाये." गावभर सांगत फिरले होते. तो नंबर मी अजून बदललेला नाही.

मी ते दहा आकडे एकेक करून सावकाश सांगितले. या वेळी बाबांनी पेन उचललाच नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"हा तं माह्या राखीचा नंबर हाये."

मी त्यांचा हात घट्ट धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

"बाई, तिले जरा फोन लावून द्या न. पाचशे एकेचाळीस दिवस झाले, पोरगी घरी आली नाही."