तिसरी हाक

"सुमेऽ"

तळ्याच्या पलीकडच्या काठावरून हाक आली तेव्हा पोरं जेवायला बसली होती. मालननं पळी टोपात टाकली आणि आधी सुमीच्या तोंडावर हात ठेवला. बाकीची पोरं न सांगताच गप्प झाली. एकाचा घास तोंडातच राहिला.

"सुमेऽ"

आवाज चिरका, घोगरा, पाण्यावरून कसाबसा पोचलेला. मग काहीच नाही. पलीकडे ताडांची झापं तेवढी वाजत होती.

"गेलं," मालन म्हणाली. "जेवा आता."

रोज तिन्हीसांजेला हे असंच चाललं होतं. दोन हाका आणि मग सामसूम. भूत माणसाला नाव घेऊन हाक मारतं, पण तिसरी हाक त्याला मारता येत नाही, हे कल्याणात लहान पोरालाही ठाऊक होतं. पहिल्या दोन हाकांना ओ देणारा मात्र संपला.

गावात पहिल्यांदाच प्लेग आला होता. ज्यांच्या घरी गाठीचा आजार निघाला, त्यांची धडधाकट पोरं सरकारनं गावाबाहेर तळ्याकाठच्या झोपड्यांत आणून ठेवली होती. पोरांची जातच विचित्र. आधी रडून रडून डोळे सुजवले, मग पाण्यात डुंबायला लागली, करवंदं खाऊन तोंडं काळी करायला लागली. वैशाखाचे दिवस, शाळा नाही, कान पिळायला घरचं कुणी नाही. मालन त्यांना रांधून घालायची, दिवसभर अंगावर ओरडायची आणि कुणी झोपेत आईला हाक मारली की त्याला कुशीत घ्यायची. आजारी माणसं तळ्यापलीकडे, ताडांमागच्या मांडवात होती. तिथे गेलेलं माणूस खाटेवरून उठत नाही, असंच सगळे म्हणायचे. मग काठावर येऊन हाक मारणार कोण?

सुमी मात्र रोज म्हणायची, "मावशी, आईसारखा वाटतो गं आवाज."

"ते तसाच आवाज काढतं, बाय. तुझी आई अशी मरतुकडी हाक मारते का?"

सुमी विचार करायची आणि नकारार्थी मान हलवायची. तिची आई कलावती भाजी विकायची. गल्लीच्या तोंडाशी तिनं हाक दिली की शेवटच्या घरातलं मांजर जागं व्हायचं. सांजेला टोपली रिकामी करून आली की तिथूनच ती सुमीला हाका मारायची, बरोब्बर तीन. तिनंच पोरीला शिकवलं होतं, "दोन हाकांना गप बसायचं. तिसरी आली की समज, आई आहे." मांडवाकडे नेणाऱ्या गाडीत चढतानाही तिनं हेच पुन्हा बजावलं होतं. म्हणून सुमी रोज ओठ मिटून तिसऱ्या हाकेची वाट पाहायची. ती यावी म्हणून गणपतीला नवस बोलायची. ती काही यायची नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवात कामाला असलेला राघो आला. त्याला या काठावर यायची बंदी होती. तो बांधापलीकडेच उभा राहिला. पोरं पाण्यात होती.

"कलावतीबाय गेली," तो म्हणाला. "सकाली. जालून पन आलो. पोरीला सांगा."

मालननं वळून पाण्यातल्या सुमीकडे पाहिलं.

"येक इचारू? ती पोर कंदी ओ का नाय दिली? बाय रोज सांजला माझा हात धरून काठावं यायची. दोन हाका मारायची. तिसरीला तोंड उघडलं का खोकला, रगत. मी बोलायचो, पुरे कर बाय. तं बोलायची, तिसरी मारल्याबिगर माझी पोर ओ द्यायची नाय, मीच शिकवलंय तिला. उद्या मारते."

राघो गेला. मालन आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तोच हात रोज त्या पोरीच्या तोंडावर असायचा. तिला तो तोडून टाकावासा वाटला. सुमीला सांगायला म्हणून ती काठापर्यंत गेली, तर सुमी पाण्यातूनच म्हणाली, "मावशी, बघ, मी बुडी मारते." मालनला सांगवेना. जेवणं झाल्यावर सांगू, असं मनाशी म्हणत तिनं चुलीवर भात चढवला.

तिन्हीसांज झाली. पोरं जेवायला बसली.

"सुमेऽ"

आवाज खणखणीत होता.

"सुमेऽ"

तिचा हात सवयीनं वर उचलला गेला. ओ देऊ नये अशी हाक खरं तर आजच आली होती आणि ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. ओ दिली आणि पोरीचं काही बरंवाईट झालं तर? पण त्या तोंडावर पुन्हा हात ठेवणं तिच्यानं होईना. मेली तरी आईच ती, मालननं मनाशी म्हटलं, पोरीचं वाईट कशी करील. तिनं हात खाली घेतला. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसायचंही तिला सुचलं नाही.

"सुमेऽ"

सुमी पान सोडून पाण्यापर्यंत धावली. "ओऽऽ," तिनं छाती भरून उत्तर दिलं. पुन्हा दिलं. पलीकडे ताडांची झापं हलली. मग सगळं शांत झालं.

ती परत आली आणि मालनच्या मांडीला रेलून बसली. तिचं तोंड आनंदानं फुललं होतं.

"इतके दिवस ते भूतच होतं, मावशी," ती म्हणाली. "आज माझी खरी आई आली."