रूथची दहा बोटं

यंत्रानं रूथची दहाही बोटं दुसऱ्यांदा नाकारली.

पोलीस ठाण्यातल्या डेप्युटी वेननं काच पुसली, एकेक बोट पुन्हा दाबून पाहिलं आणि मान हलवली. पडद्यावर नुसते राखाडी डाग. बोटांवरच्या रेषा झिजून जवळजवळ गेल्याच होत्या. रूथ बेचाळीस वर्षांची. त्यातली तीस वर्षं तिनं आईच्या मोटेलात ब्लीचच्या पाण्यात हात बुडवून टब आणि फरश्या घासल्या होत्या. दुसरं काय होणार?

गावच्या शाळेत बालवर्गाला मदतनीस हवी होती. मुलांत काम करायचं तर ठसे देऊन पोलिसांकडून तपासणी करून घ्यावी लागते, त्याला इलाज नाही. मुख्याध्यापिकेनं ऑगस्टअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती. रूथनं जन्मात स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती तिच्याच बोटांमुळे हातची जायला निघाली होती.

"तीन आठवड्यांनी ये," वेन म्हणाला. "गवंड्यांचंही असंच होतं. तोवर काहीतरी लाव हातांना."

परतताना ती औषधांच्या दुकानात शिरली. गल्ल्यावर ओपल होती. ओपलची व्हिटॅमिन ईवर भारी श्रद्धा. ओठ फुटले, ई. टाचा फुटल्या, ई. नवरा घोरतो म्हणून कुणी तक्रार केली असती, तरी तिनं तीच बाटली पुढे केली असती. त्यातलं खरं किती आणि दुकानदारी किती, हे गावानं कधीच मोजायचं सोडलं होतं. पण रूथचे हात पाहिल्यावर तिची बडबड थांबली.

"टाचणीनं गोळी फोडायची, आतलं तेल बोटांवर चोळायचं आणि झोपताना सुती हातमोजे घालायचे," ती म्हणाली. "तेल कातडीतली ओल धरून ठेवतं, मग चिरा भरून येतात. पण काम करताना रबरी हातमोजे घाल हं पोरी, नाहीतर सगळं पालथ्या घड्यावर पाणी."

घरी हेल्मीनं, म्हणजे रूथच्या आईनं, बाटली पाहून नाक मुरडलं. शनिवारी सौनात, गरम वाफेच्या खोलीत, घाम काढत बसलं की कातडीला पुरे, बाकी सगळी थेरं, असं तिचं म्हणणं.

"आमच्या घराण्यात सगळ्यांचे हात असेच," ती म्हणाली. "तुझ्या आजीचेही असेच होते. आणि लोकांच्या शेंबड्या पोरांची नाकं पुसायला जायचंय कशाला तुला?"

"जायचंय, आई."

दुसऱ्या दिवशी रबरी मोजे नाहीसे झाले. रूथनं नवे आणले, तेही गेले. मग एके सकाळी तेलाच्या गोळ्या मोरीत सांडलेल्या सापडल्या. हेल्मी म्हणाली, धक्का लागला.

सगळं गाव समजून होतं. म्हातारी सत्तरीची, बारा खोल्या आणि राबायला एकच लेक. ती शाळेत गेली तर चादरी कोण बदलणार? रूथलाही ते कळत होतं. तिला आईचा राग यायचा, आणि तिची वाकलेली पाठ दिसली की रागाची लाजही वाटायची. पण या खेपेला ती हटली नाही. गोळ्या आणि मोजे तिनं ओपलच्या दुकानात ठेवले आणि रोज दोन वेळा तिथं जायला लागली. ओपल तर तिच्या बोटांच्या मागे हात धुऊन लागली होती. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून ती स्वतः तेल चोळून द्यायची.

पहिला आठवडा नुसती आग. दुसऱ्या आठवड्यात चिरा मिटल्या, पांढरे पापुद्रे गळून गेले. तिसऱ्या आठवड्यात रूथ खिडकीशी कॉफी पीत होती, तेव्हा तिला डाव्या अंगठ्यावर रेषांचा एक भोवरा दिसला. बारीक, पण स्पष्ट. तिला रडू आलं. आपल्याला असंही काही आहे, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

वेनच्या यंत्रानं या वेळी दहाही बोटं एका दमात घेतली.

"आता बँक लुटू नकोस म्हणजे झालं," वेन म्हणाला, आणि रूथ इतकी हसली की आतली माणसं बघायला बाहेर आली.

पाचव्या दिवशी मुख्याध्यापिकेचा फोन आला. रूथच्या नावावर कसलाही गुन्हा नाही, मंगळवारपासून यावं. ओपल दुकान बंद करून वेलचीचा पाव घेऊन आली. तिघी मोटेलच्या ओसरीवर तळ्याकडे तोंड करून बसल्या. ओपलनं रूथचा हात उचलून बक्षीस मिळाल्यासारखा हवेत धरला. असा आनंद त्या ओसरीनं तीस वर्षांत पाहिला नव्हता. हेल्मीनं मात्र पावाला हात लावला नाही. रुसली असेल, म्हणून कुणी आग्रह केला नाही.

तेवढ्यात वेनची गाडी आवारात शिरली. त्याच्याबरोबर एक अनोळखी अधिकारी बाई होती. ती कुणाशी न बोलता ओसरी चढली आणि हेल्मीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. ओपलनं वेनला पाव देऊ केला, तो त्यानं घेतला नाही.

"काय झालं?" रूथनं विचारलं. "नोकरी गेली का?"

"नोकरी कुठं जात नाही." वेननं टोपी काढली. "रूथ, ओहायोतल्या एका बाईची चार वर्षांची मुलगी अडतीस वर्षांपूर्वी जत्रेतून कुणीतरी उचलून नेली. हरवली तर सापडावी म्हणून त्या बाईनं मुलीचे ठसे आधीच पोलिसांकडे देऊन ठेवले होते, ते तुझ्या ठशांशी जुळले. तुझी आई सकाळपासून फोनपाशी बसून आहे."