गोरज मुहूर्त

"त्या रविवारी नको," भटजींच्या पंचांगावर हात ठेवत दाजी म्हणाले. माझी भाची केतकी, तिच्या लग्नाची तारीख काढायला बसलो होतो, आणि नवरदेव नोकरीसाठी परदेशी जायच्या आत तेवढा एकच मुहूर्त होता. आक्काचा चेहरा उतरला.

दाजींचं कारण मला, त्यांच्या मेव्हण्याला, पक्कं ठाऊक होतं. त्याच रविवारी फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यतींचा नवा हंगाम सुरू होणार होता.

"का हो दाजी, ग्रह बरे नाहीत?"

"तू गप बस."

तेवढ्यात नवरदेवाचे वडील खाकरले. "आम्हालाही तो दिवस नको. माझं एक व्रत असतंय."

जमलेलं लग्न मोडतंय असं वाटून आक्का रडायचीच बाकी राहिली. दाजी मात्र व्याह्यांकडं टक लावून बघत होते.

"व्रत किती वेळ चालतंय?"

"सकाळी बसायचं. दुपारी जेवायला मोकळा."

"आणि उद्यापन?"

"डिसेंबरात. अबू धाबीला."

दाजींनी उठून व्याह्यांना मिठीच मारली. हंगामाची शेवटची शर्यत अबू धाबीलाच असते; गाड्यांचं वेड दोन्ही घरांत निघालं.

"अहो, पण मुहूर्त गोरज आहे, संध्याकाळचा," भटजी वैतागले. "वेळ कुणी विचारलीच नाही."

"मग चालतंय की," दोघं एकदमच म्हणाले.

मी लगेच कार्यालयात फोन करून सकाळपासून मोठा पडदा लावायला सांगितला. आक्काला म्हटलं, "केतकीचे बारशापासूनचे फोटो दाखवूया."

"दाखव," आक्का म्हणाली. "फोटोंचा आवाज तेवढा बारीक ठेव, हळदीची गाणी ऐकू आली पाहिजेत."