मधली खूण

जीपचं बॉनेट उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. डिझेल पंपाच्या स्क्रूवर माझ्या सेटिंगची खूण म्हणून मी लावलेला पिवळा ठिपका खरवडून त्या दुसऱ्या मिस्त्रीने पुन्हा आपला निळा फासला होता.

"परत गेलीस त्या पाचगणीच्या मिस्त्रीकडे?"

"मग काय करू?" वैजयंता म्हणाली. "वर हवा विरळ. तुमच्या सेटिंगवर गाडी नुसता काळा धूर ओकते. त्यांनी डिझेल कमी केलं की कशी झकास चालते. आणि चहा पाजतात, तो वेगळाच."

चहा! मला आजच कळत होतं.

दर आठवड्याला ती स्ट्रॉबेरी घेऊन घाट उतरायची. कमी डिझेलवर गाडी खाली वाईत पिकअप घेईना, की माझ्याकडे यायची. मी डिझेल वाढवायचो, ती बाकावर बसून गप्पा मारायची. मी कधी चहा विचारला नव्हता.

त्या दिवशी मी स्क्रू बरोबर मध्ये आणून ठेवला. वर धूर नको, खाली रडगाणं नको. त्यावर लाल रंगाचा जाड थर दिला.

"आता सेटिंगसाठी कुणाच्या दारात जायला नको," मी ठसक्यात म्हणालो. ती केवढी खूश झाली!

पुढच्या आठवड्यात मी सकाळीच बाक पुसला, समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले. जीप घाट उतरून आली. इंजिनाचा आवाज कसा स्वच्छ, एकसारखा. वैजयंताने हॉर्न दिला, हसून हात हलवला आणि न थांबता पुढे निघून गेली.