डिस्कची खेप

संगणकातल्या नोंदींची प्रत निघत असताना डिस्कवर तळहात ठेवला, की बारीक थरथर जाणवते. काम संपलं की थरथर थांबते आणि डिस्क थोडा वेळ कोमट राहते. लुसुंगूने हात उचलला नाही.

वातिपासो दारातल्या बाकावर बसून चहाबरोबर उकडलेला कसावा खात होता. महिन्यातून एकदा तो न्खाता बे बंदरातून जहाजाने सरोवरातल्या या बेटावर यायचा, मत्स्यकेंद्राला रिकामी डिस्क द्यायचा, भरलेली न्यायचा. जहाज खोल पाण्यात उभं होतं. होड्या अजून मक्याच्या पिठाची पोती किनाऱ्याला आणत होत्या.

"आदल्या रात्रीच प्रत काढून ठेवत जा की," तो म्हणाला. "माझ्यासाठी थांबायला कप्तान काही माझा मेहुणा नाही."

"रात्री वीज नसते."

"दर खेपेला नसते. नशीबच माझं."

टेबलावरचा फोन वाजला. न्खाता बेच्या कचेरीतून कायिराबाईंचा आवाज खोलीभर आला.

"लुसुंगू, तिसऱ्यांदा विचारतेय. इंटरनेटचा टॉवर सुरू झालाय. आता पाण्याच्या नोंदी आपोआप होतील, आणि त्यांची प्रतही आपोआप इकडे येईल. किती दिवसांनी यावी, ते तू ठरव. महिन्यालाच ठेवायची तर वातिपासो येत राहील. रोजची केलीस तर त्याची खेप बंद. मग तुलाही तिथं बसायला नको, इथं टेबल रिकामं आहे. बोल बाई एकदाचं."

वातिपासोने कप खाली ठेवला. याच बाकावर बसून त्याने एकदा विचारलं होतं, माझ्या घरी येतेस का, कायमची? मी गेले तर इथल्या नोंदी चुकतील, असं ती म्हणाली होती. त्यानंतर त्याने विचारलं नाही. नुसता येत राहिला.

तिने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. पाण्याच्या तापमानाची रेघ मार्चमध्ये तुटली होती. तेव्हा आभाळातली वीज संगणकावर पडली आणि मागच्या खेपेनंतरचं सगळं गेलं. त्या दिवसांत सरोवर कसं होतं, ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

"रोज," ती म्हणाली. "रोज रात्री."

पलीकडे कायिराबाई काहीतरी लिहून घेत असाव्यात. वातिपासोने डिस्क गुंडाळायचं फुलांचं कापड मांडीवर पसरलं, परत त्याची घडी घातली.

"रात्री वीज नसते ना?" तो हळूच म्हणाला.

"असते. छपरावर सौरपट्ट्या आहेत, आत बॅटऱ्या." ती थांबली. "नेहमीच होती."

तळहाताखालची थरथर थांबली. डिस्क घ्यायला त्याने कापडासकट हात पुढे केला. तिने त्या हातातून फक्त कापड घेतलं, डिस्क त्यात गुंडाळली आणि आपल्या पिशवीत ठेवली.

"म्हणजे ही शेवटची डिस्क," कायिराबाई म्हणाल्या. "दे वातिपासोकडे."

"नको, बाई," लुसुंगू त्याच्याकडे बघत म्हणाली. "ती घेऊन मीच येतेय. आजच्याच जहाजाने."